ओवीची दुपारची झोप

हसा हवं तर, पण आमची तान्ही ओवी माझ्या मांडीवरच झोपायची. डोळ्यांतल्या लेन्स काढायला उठले तर ती जागी होईल, म्हणून मीही लेन्ससकट तिथंच डुलक्या काढायचे.

सासूबाई म्हणायच्या, "आण इकडं तिला."

"नको आई, माझ्याशिवाय नाही झोपत ती."

शेवटी एक डोळा लालभडक झाला. आळेफाट्याचे डॉक्टर म्हणाले, "लेन्स घालून झोपल्यानं बुबुळावर जखम झालीय. नजर पूर्ण परत येणार नाही."

पट्टी बांधून खोडदला घरी आले, तर ओवी साडीच्या झोळीत गाढ झोपलेली.

"फार रडली का हो?"

"न्हाई गं. टाकली तशी निजली. लई गुणाची हाय!"

"बरं झालं," मी म्हटलं.

पट्टी भिजू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ती तिथंच भिजवली.