दुसऱ्या छपाईचे फॉर्म

— नाही गं, कुठे जाणार, पलंगाखालीच आहेत. चौदा गठ्ठे. बस आधी. तुमच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाने एकतीस वर्षं वाट बघितली ना, मग अजून दहा मिनिटं बघू दे — आणि हळू बोल, हे आत पडलेत. जेवले की तासभर पडतात. फोनवर ह्यांनीच सांगितलं ना तुला, फॉर्म हिच्याकडे आहेत, घेऊन जा? सांगतील. सांगायला काय जातं! मला विचारलं का? आज सकाळी दाढी करता करता म्हणाले, दुपारी एक मुलगी येईल, गठ्ठे दे तिला. जसं काही रद्दीच द्यायची होती.

ह्यांचं पुस्तक तर तुझं पाठच असेल. माणूस मत देताना घरच्यांचं ऐकत नाही, पुढाऱ्याचं ऐकत नाही, शेजाऱ्याचं ऐकतो — बरोबर? आणि आकडे कोणी काढले? मी. प्रस्तावनेची शेवटची ओळ बघ, 'पत्नीने आकडेमोड केली'. पत्नीला नाव नसतं. पाहणीचे चार हजार फॉर्म, ह्याच टेबलावर, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, धाकटी पोटात होती तेव्हा, पाय हे असे सुजलेले — कौतुक नको करूस, पुढचं ऐक. गठ्ठा सोडलास की पाच मिनिटांत तुला दिसणारच आहे, म्हणून मीच सांगते.

मत देताना कुणाचं ऐकता, ह्या प्रश्नाला पहिल्या छपाईत उत्तरं सहा होती. पाच नंबरला शेजारी, सहाला 'सांगायचं नाही'. फॉर्म कमी पडले म्हणून पुन्हा छापले, तेव्हा ह्यांनी 'नातेवाईक' काढून टाकलं, घरच्यांतच धरू म्हणाले. मग काय झालं? सगळं एकेक घर वर सरकलं. शेजारी चारवर, आणि पाच म्हणजे 'सांगायचं नाही'. मला कोणी सांगितलं? कोणी नाही. मी आपली पाच दिसला की शेजारी, पाच दिसला की शेजारी. दुसऱ्या छपाईच्या दोन हजार फॉर्मांत एकही सहा नाही — तेव्हाच खटकायला हवं होतं, नाही का? ज्यांनी तोंडच उघडलं नाही त्या सगळ्यांना मी शेजाऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं.

कळलं ना, पुस्तक आल्यावर आठव्या दिवशी कळलं. थोरलीला गणितं करायला उरलेल्या कोऱ्या फॉर्मांची वही शिवत होते. त्याच संध्याकाळी सांगितलं ह्यांना. जेवले नाहीत. दिव्याखाली दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून बसले, आणि मग म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत बघू. दुसरी आली तोवर बढती झाली होती. तिसरी आली तोवर ह्याच पुस्तकावर प्रबंध लिहून हाताखाली अकरा जण डॉक्टर झाले होते. आता तर निवडणूक आली की पक्षाची माणसं गल्लीत एकेक घर धरतात, म्हणतात तुम्ही फक्त शेजाऱ्यांना सांगा — ह्यांचंच वाचून! मी दारातून ऐकते. काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मोठं घर तीनदा चालून आलं. नाही गेलो. हमाल गठ्ठे उचलतील, एखादा सुटेल — हमालांना काय कळतंय त्यातलं, पण चोराच्या मनात चांदणं. लेकींकडे कधी चार दिवस राहिले नाही मी. जाळून टाकायचे? दोनदा काडी पेटवली. नाही झालं. माणसांनी खरं सांगितलं होतं गं, चूक आमची. आणि आता हे म्हणतात, दे. विसरलेत, का विसरल्यासारखं करतात, की माझ्या हातूनच व्हावं असं वाटतंय त्यांना? इतका संसार केला, पण हे मला कळत नाही. मला दमायला झालंय. खरंच ने तू. ने आणि सांग सगळ्यांना. ह्यांना काय व्हायचं ते होऊ दे, मला एकदा ह्या पलंगावर नीट झोपू दे.

अशी का बघतेस? पाणी देऊ? — काय म्हणालीस? तुझा प्रबंध? कशावर?

अगं बाई. ह्यांच्या शेजाऱ्यावरच? पूर्ण? चारही प्रकरणं? आणि द्यायचा कधी — पुढच्या महिन्यात. तुझे सर म्हणजे त्या अकरांतलेच कोणीतरी. हो ना. नोकरीही तेच लावणार असतील.

नाही, मी नाही काही सांगणार तुला. माझं वय होतं तेव्हा मला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, देव जाणे. हे बघ, ही चौदा गठ्ठ्यांची यादी. खाली सही कर आणि उचल. पेन आहे ना? — आहे, मग?

बरं.

बरं, रडू नकोस. तोंड धुऊन घे, मोरी तिकडे आहे. आणि निघ आता, जिना अरुंद आहे, जपून उतर. दार मी लावते —

काय हो? उठलात? — हो, आली होती. गेली. — नाही, काही नेलं नाही तिनं.