नंदी बाहेर का बसतो?

मंडळी, ऐका. महादेवाला जाता ना तुम्ही? मग सांगा, नंदी कुठं बसतो? ‘बाहेर!’ शाब्बास. आता सांगा, का बसतो बाहेर? झाले सगळे गप्प. पेटीवाले काका, तुम्हीसुद्धा? असू द्या, गोष्ट ऐका म्हणजे कळेल.

शेवंतीपूर नावाचं गाव. मधोमध पेठ. रस्त्याच्या अलीकडे गोजराबाईंचं घर, पलीकडे रखमाक्काचं, आणि रखमाक्काच्या शेजारी महादेवाचं देऊळ. दोघी एकाच साली या गावात सुना म्हणून आलेल्या. पुढं रखमाक्काची दृष्टी गेली. तेव्हापासून दिवेलागणीला गोजराबाई काठी टेकत रस्ता ओलांडायच्या, मैत्रिणीचा हात धरायच्या आणि दोघी देवाला जायच्या. वाटेत बोलायच्या काय? नामस्मरण? छे हो! सुनांची गाऱ्हाणी. हसू नका माउल्यांनो, तुमचीच गोष्ट चाललीय.

गोजराबाईंचा लेक बळवंतराव, गावाचा नगराध्यक्ष. भला माणूस हो! पण एकदा पेठेत अँब्युलन्स अडकली, आत बाळंतीण. नशीब बलवत्तर म्हणून वाचली बिचारी. बळवंतरावांच्या जिवाला लागलं ते. म्हणाले, गाड्यांना वाट मिळालीच पाहिजे. फूटपाथ काढला, रस्ता रुंद केला आणि मधे दुभाजक घातला — कंबरेएवढा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग.

संध्याकाळी गोजराबाई निघाल्या आणि दुभाजकापाशी अडल्या. पलीकडे रखमाक्का उंबऱ्यात हात पुढं करून उभी. “गोजरे, आलीस का गं?” गोजराबाई ओ देतायत, पण त्या हॉर्नच्या गोंगाटात ऐकू कुणाला जाणार? आणि रखमाक्काला दिसत तर नाही! तिला वाटलं, आज मैत्रीण आलीच नाही. तिनं हात मागं घेतला आणि ती आत गेली.

असं रोज व्हायला लागलं. शेवटी आईच्या डोळ्यांत पाणी बघून बळवंतराव म्हणाले, “आई, एवढंच ना? चल, गाडीनं सोडतो.”

निघाली गाडी. पण वळणार कुठून? वळायची जागा साहेबांनीच बुजवलेली! पार बसस्टँडला वळसा घालून गाडी पलीकडच्या अंगानं पेठेत शिरली आणि तिथंच अडकली. कारण रस्ता रुंद झाला तशा गाड्याही वाढल्या, दोन्ही कडांना उभ्या राहिल्या. आणि मागून काय वाजतंय? अँब्युलन्स!

“बळवंता,” आई म्हणाली, “नंदी कुठं बसतो रे?”

“बाहेर. आत्ता काय त्याचं?”

“प्रत्यक्ष देवाचं वाहन ते. तरी दाराबाहेर बसून धन्याची वाट बघतं. आत माणूस जातो, चपला काढून, पायानं. तू वाहनं नेऊन आत बसवलीस, आणि मला बाहेर ठेवलंस.”

“अगं, पण अँब्युलन्सला वाट नको?”

“हवी की. मग बघ बरं, तिला अडवलंय कुणी? पायी चालणाऱ्यांनी?”

बळवंतरावांनी मान बाहेर काढून पाहिलं. अँब्युलन्सच्या पुढं सगळ्या गाड्याच होत्या. त्यातली एक त्यांचीच होती.

पुढं व्यापाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या माणसानं, पण दुभाजक उखडला. मालट्रक गावाबाहेरच्या रस्त्यानं, मोटारी वेशीपाशी, पेठेत सगळे पायी. आणि अँब्युलन्स आली तर? अहो, माणसं बाजूला होतात! माणसाला अंग चोरता येतं, मोटारीला येत नाही. व्यापारीही हळूहळू निवळले, कारण चालणारं गिऱ्हाईक चार दुकानांत डोकावतं.

पहिल्या संध्याकाळी गोजराबाई काठी टेकत पलीकडे गेल्या आणि त्यांनी उंबऱ्यातला तो हात धरला. रखमाक्का रागावली, रडली, मग म्हणाली, “होतीस कुठं गं इतके दिवस?”

“लेकाच्या रस्त्यावर अडकले होते,” गोजराबाई म्हणाल्या.

हसलात, भरून पावलो. पण मंडळी, देवळाच्या दाराकडं तुमची पाठ आहे, माझं तोंड आहे. मला मघापासून काय दिसतंय सांगू? पायऱ्यांना खेटून तुमच्या मोटारसायकली लावल्यात, एकीला एक चिकटून. आणि त्यांच्या पलीकडे एक आजी काठीवर दोन्ही हात ठेवून सगळं आख्यान उभ्यानं ऐकतायत. त्यांना आत यायला वाट नाही.

आरतीची घाई नाही मला. चाव्या घ्या आणि उठा. आजी आत येऊन बसल्या की मग टाळ वाजेल.