लाल पेन्सिल संपली तेव्हा

कलाकार बघायचा आसंल तर आमच्या लातूरच्या साडूला बघा. रंगीत पेन्सिलीनं जनावरं काढतो. मागं म्हणाला, "लाल कंधारी बैल काढून राहिलो. कंधारच्या मामाचा हाय. तोच आपली प्रेरणा!"

त्याच्या चित्रांच्या प्रदर्शनात गेलो, तर बैल अंगानं पांढराफेक अन् तोंडानं काळा. साडू लोकांना सांगून राहिला, "हा देवणीच्या मामाचा देवणी बैल, ही जात अशीच आसते. ह्याच्याच पाठीवर लहानाचा मोठा झालो."

त्याला बाजूला घेतलं. "लाल कंधारी कुठं गेला, साडूभाऊ?"

"हळू बोला. तोंड रंगवलं अन् लाल पेन्सिल संपली. मग वरून काळी फिरवली, अंग कोरंच ठेवलं."

"अन् मामा?"

"मामा तोच हाय. गाव बदललं."

ही ह्याची प्रेरणा! अन् तोंड काळं झालं, ते बी बिचाऱ्या बैलाचं.