सुदामदादांची शाल जरा थांबवा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय चिंतामणीसाहेब, मंचावरील मान्यवर पाहुणे, बेलवलीच्या आपल्या विहाराचे पदाधिकारी, सत्कारमूर्ती सुदामदादा, त्यांच्या सहचारिणी गयावहिनी आणि जमलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना सविनय जयभीम.

मी यशोधरा, महिला मंडळाची. गौरवाचे चार शब्द लिहून आणले होते. पण मघापासून खुर्चीत नुसती चुळबुळ चाललीय माझी. तो कागद पर्समध्येच राहू दे.

दादांनी आपल्याकडे किती लग्नं लावली? इथल्या निम्म्या जोडप्यांना प्रतिज्ञा त्यांनीच दिल्या. आम्हालासुद्धा. हातात पुस्तक नाही, सगळं मुखोद्गत. आणि मग अंबरनाथचं ते लग्न, जे सगळ्यांचं चघळून झालंय. दादांनी वराच्या प्रतिज्ञा वधूकडून वदवून घेतल्या. "मी माझ्या पत्नीचा सन्मान करीन," पोरगी बिचारी म्हणत गेली आणि मांडव खदाखदा हसला. दादा घरी जाऊन म्हणाले, "गया, माझं डोकं गेलं. आता हे काम नको." पुढच्या महिन्यात नातीचं, वैष्णवीचं लग्न आहे. तेही दुसऱ्याने लावावं, असं त्यांनीच कमिटीला सांगितलं.

आणि आपण काय करतोय? वय झालं म्हणायचं, शाल द्यायची, मोकळं व्हायचं.

मघाशी पाहुणे बोलत असताना दादांना डुलकी लागली. ते घोरले, तुम्ही हसलात, मीही हसले. मग घोरणं थांबलं. श्वासच येईना. आणि दादा गुदमरल्यासारखे दचकून जागे झाले. हे कुणी पाहिलं का? मी खाली उतरून वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, रोजचंच आहे. फार गाढ झोप आहे त्यांची."

गाढ कसली, वहिनी! माझा भाऊ कैलास, उल्हासनगरला दुकान आहे त्याचं. त्याचं अस्संच होतं. झोपेत श्वास अडायचा, झोप सारखी मोडायची, आणि त्याला पत्ताच नाही. दिवसा गिऱ्हाइकाचं नाव आठवेना, गॅस चालू ठेवून बाहेर पडायचा, वर आमच्यावरच चिडायचा. आम्ही म्हटलं, म्हातारा झाला. डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली, झोपताना नाकाला लावायचं यंत्र दिलं. म्हणाले, झोप अशी तुटत राहिली की लक्ष लागत नाही, ऐकलेलं डोक्यात टिकत नाही. सगळं परत आलं असं खोटं सांगणार नाही. पण पत्त्यांच्या डावात मला पुन्हा फसवायला लागलाय.

दादांचंही तेच असेल का? मी डॉक्टर नाही. पण न तपासताच निरोप? मला नाही पटत, साहेब. शाल राहू द्या. वैष्णवीचं लग्न दादाच लावतील. पुस्तक धरून शेजारी मी उभी राहीन. अडलेच तर पुढचं आपण सांगू, आपल्याला त्यांनीच शिकवलंय ना?

एवढं ऐकून घेतलंत, मी सर्वांची ऋणी आहे. निरोपाच्या सभेत निरोपच अडवला, हा आगाऊपणा पोटात घाला.

दादा, नुसती मान हलवू नका. सोमवारी येताय ना डॉक्टरांकडे?

माइकवर आलं नाही, साहेब. पण "येतो" म्हणाले. मी ऐकलं.