पाण्यापासून लांब

नाही गं, वर नको, इथेच बस गाडीत, हीटर चालू ठेवलाय मी. वर तुझी रूममेट असेल, आणि तिला मराठी कळतं — दार ओढ नीट, वारा येतोय. तो डबा मांडीवर घे, चकल्या आहेत दिवाळीतल्या, मऊ पडल्या असतील, ओव्हनमध्ये टाक जरा. पण डबा द्यायला नाही आलेय मी, हिमानी. डबा द्यायला ईडन प्रेरीहून मिनिॲपोलिसला शनिवारी सकाळी बर्फातून कोण येतं? आपल्या मराठी मंडळात हार्टचं शिकणारी तूच ना — फेलोशिप म्हणता ना तुम्ही त्याला — म्हणून आले. घरून फोनवर बोलता येईना. घरात विनय, घरात सासूबाई, आणि आमचं घर असं की बेसमेंटमध्ये कुजबुजलं तरी वर ऐकू जातं. विनयला सांगितलंय, इंडियन स्टोअरला जाऊन येते. तर ऐक, आणि मध्ये काकू काळजी करू नका वगैरे म्हणू नकोस, ते ऐकायला नाही आले मी.

शार्दूल कुठे आहे ते तुला माहितेय. सगळ्या मंडळाला माहितेय, विनयनं दिवाळीच्या प्रोग्रॅमला माइक सोडला नव्हता — माझा मुलगा जर्मनीत, माझा मुलगा प्रोफेशनल क्लबमध्ये, आपल्या कम्युनिटीतला पहिला. प्रोफेशनल कसला, अजून त्यांच्या दुसऱ्या टीममध्ये आहे, एका म्हातारीच्या घरात वरची खोली दिलीय, ब्रेड आणि चीज खातो. पण परवा सोमवारी त्याची मोठ्या काँट्रॅक्टवर सही आहे. तीन वर्षांचं. अमेरिकेतून आलेली चार मुलं होती तिकडे, दोन परत पाठवली, एक गुडघा धरून बसलाय, उरला हा. एकोणीस वर्षांचा. आणि आज मॅच आहे त्याची, आपल्या अकराला सुरू, त्यांची संध्याकाळ. ड्रेसिंग रूममध्ये गेले की फोन काढून घेतात सगळ्यांचे. आत्ता किती वाजले? बरं. आहे अजून वेळ.

झालं काय, की तो प्रॅक्टिसमध्ये पडला. धावता धावता. चक्कर नाही — चक्कर आली तर माणूस डोकं धरतो, खाली बसतो, हा सरळ तोंडावर. 'मॉम, आय जस्ट ब्लॅक्ड आउट फॉर अ सेकंड' — हसत सांगत होता, ब्रेकफास्ट नव्हता केला म्हणे. फोन स्पीकरवर, मी पोळ्या लाटतेय, सासूबाई टेबलाशी मेथी निवडतायत. मी विचारलं, पडलास म्हणजे काय रे, कुठे अडखळलास का? नाही म्हणाला, काही आठवत नाही, उठलो तेव्हा सगळे वाकून बघत होते. आणि इकडे सासूबाईंच्या हातातली मेथी तशीच. फोन ठेवला तर म्हणाल्या, शुभा, त्याला घरी बोलाव. का? तर म्हणाल्या, प्रल्हाद असाच पडला होता.

प्रल्हाद म्हणजे विनयचा मोठा भाऊ. मी लग्न होऊन आले त्याच्या खूप आधी गेला. जबलपूरला कॉलेजला होता, हॉस्टेलवर. मला काय सांगितलं होतं — सगळ्यांनाच काय सांगितलं होतं — नर्मदेत पोहायला गेला आणि बुडाला. विनय तेव्हा नऊ वर्षांचा, तोही आजवर तेच धरून बसलेला. बुडाबिडाला नव्हता तो. ग्राउंडवर रेस होती, धावता धावता पडला आणि उठलाच नाही. तिथल्या डॉक्टरनं सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं, हृदयाचा दोष आहे, घराण्यात असतो, बाकीची मुलं दाखवून घ्या. आणि सासऱ्यांनी काय केलं? तिकडेच सगळं उरकलं आणि नागपूरला येऊन नदीचं सांगितलं. का काय? अगं, तीन मुली लग्नाच्या. घराण्यात हृदयाचा दोष म्हटलं तर कोण करून घेणार होतं? बुडणं कसं, बुडणं कुणाच्याही घरी होतं, त्यात घराण्याचा संबंध येत नाही. तिघींची लग्नं छान झाली. मी काही त्यांना नावं ठेवत नाही. काल रात्री ठेवली, भरपूर ठेवली, पण आज नाही.

पण तुला कळतंय का, त्यानं आमचं काय झालं? आमच्या घरात पाण्यात कोणी उतरत नाही. विनय बीचवर पँट गुडघ्याच्या वर घेत नाही. आणि राहतोय कुठे, तर मिनेसोटात, जिथे घरातून बाहेर पडलं की तळं, शाळेच्या मागे तळं, ऑफिसच्या समोर तळं. शेजारची पोरं मे महिन्यापासून पाण्यातच. शाळेत स्विमिंगचा तास असायचा तर मी चिठ्ठी द्यायचे, कानाचा त्रास आहे म्हणून. सात वर्षांचा शार्दूल काठावर बूट घालून बसायचा, बाकीच्यांचे टॉवेल सांभाळत. घरी येऊन रडायचा. मग विनय म्हणाला, पोराला काहीतरी खेळ हवा, आणि त्यानं सॉकरला घातलं. मला म्हणाला, गवत आहे, सपाट आहे, बुडायला काही नाही. हसलो आम्ही दोघं. मला इतकं बरं वाटलं होतं, हिमानी. मी लोकांना सांगायचे, स्विमिंग नको गं बाई, आमचा सॉकर खेळतो, सेफ आहे.

म्हणजे पाण्यापासून लांब ठेवलं आणि आणून धावायला लावलं. आम्ही लावलं. मी स्वतः व्हॅन काढायचे, कधी ब्लेन, कधी शिकागो, मागे घामट मोज्यांचा वास, आणि साइडलाइनला उभी राहून ओरडायचे, रन, शार्दूल, रन. तो इतका धावायचा म्हणूनच तर खेळाडू शोधत आलेल्या त्या जर्मन माणसाच्या डोळ्यात भरला.

हो, मेडिकल केलं ना तिकडे. ईसीजी काढला, नॉर्मल. आणि विचारलंसुद्धा त्याला, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का. त्यानं सांगितलं, काका गेला, बुडून. त्याला ठाऊक होतं तेच सांगितलं बिचाऱ्यानं. आता नॉर्मल आलाय म्हणजे — काय? थांब, हळू बोल. झोपवून काढला तर नॉर्मल येऊ शकतो? आणि धावतानाच बिघडतं? असं असतं होय... नाही नाही, ऐकतेय मी. बोल. अजून कोणी? कुणाकडचं, सासूबाईंच्या माहेरचं? आहे. त्यांचा धाकटा भाऊ. बस सुटत होती म्हणून धावला आणि एसटी स्टँडवरच गेला, जेमतेम वीस-बावीस वर्षांचा. त्याला तेव्हा म्हणाले, नजर लागली. हे पण मेथीबरोबरच बाहेर आलं त्या दिवशी. विनयला काही नाही गं, पण विनय आयुष्यात कधी धावलाय का? लिफ्ट येईपर्यंत पाच मिनिटं उभा राहील, एक मजला चढणार नाही.

असं बघू नकोस माझ्याकडे. तुम्हा डॉक्टरांचा चेहरा एकदम कोरा होतो ना, त्याचीच भीती वाटते. मला भीती वाटतेच आहे. भांडी घासताना हात थांबतो आणि मी नळाकडे बघत बसते. गेल्या शनिवारी मी कॉम्प्युटरसमोर बसले होते, त्यांच्या साइटवर दर मिनिटाचं लिहून येतं, सगळं जर्मन, मला कळतं फक्त त्याचं नाव. हाफ टाइमनंतर त्याला आत घेतलं, आणि तिथून मी रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश — नाव आलं की वाटायचं, आता पुढे काय लिहिलं असेल, गोल की काय की — काय म्हणालीस?

हो. गेल्या शनिवारी.

नाही, काल नाही कळलं मला. काल मी सासूबाईंशी भांडले एवढंच. मेथी निवडली ती दिवाळीनंतरची गोष्ट. त्यानंतर तो खेळलाय, दोनदा. मला माहीत असताना. विनय म्हणाला, सोमवारी सही होऊ दे, ख्रिसमसला घरी येतोच आहे, इथे गुपचूप दाखवू, एवढी वर्षं काही झालं नाही तर दोन आठवड्यांत काय होणार. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं ना? आणि मी हो म्हटलं. विनयवर ढकलत नाही मी, मलाही ते काँट्रॅक्ट हवं होतं. हवंय. लोक म्हणायचे, मुलाला मेडिकलला घाला, सॉकर काय घेऊन बसलात, त्या सगळ्यांसमोर मला ते हवं होतं. आता बोल मला काय बोलायचं ते. बोललीस तर बरं वाटेल जरा.

बरं. आज खेळायचं नाही. पूर्ण तपासणी होईपर्यंत धावायचं नाही, बस पकडायलासुद्धा नाही. कळलं. मग तूच सांग ना त्याला. हा घे फोन. डॉक्टर म्हणून सांग, तुझं ऐकेल, तू चांगलं इंग्लिश बोलतेस त्याच्यासारखं. — का नाही? हो, तू त्याची डॉक्टर नाहीस, बघितलेलं नाहीस त्याला, बरोबर आहे. आईनंच सांगायला हवं, तेही बरोबर आहे. पण तू त्याला ओळखत नाहीस. तो पडला त्याच रात्री मी म्हटलं होतं, क्लबच्या डॉक्टरला दाखव. तर म्हणाला, मॉम, डोन्ट. इथे कोणी नुसतं गुडघा दुखतो म्हणालं तरी पुढच्या आठवड्यात त्याची खोली रिकामी असते. मी आता काकाचं खरं सांगितलं तर काय म्हणेल सांगू? 'आफ्टर मंडे, मॉम.' अगदी बापासारखं, शांतपणे. आणि जाऊन खेळेल. वरून मला समजावेल. आणि मी परत हो म्हणेन, हिमानी, मला माझी खात्री नाही. त्याचा आवाज ऐकला की मी विरघळते.

क्लबला फोन? कुणाला करू, मला जर्मन येतं का? आणि मग काँट्रॅक्ट गेलंच, आणि जन्मभर तो म्हणेल, आईनं घालवलं. म्हणू दे, म्हणायला तो असला म्हणजे झालं — नाही, नाही रडत मी. टिश्यू तिकडे आहेत, ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये. राहू दे.

दे इकडे फोन. कॉलिंग कार्ड कुठे गेलं, हे बघ, आधी हा नंबर, मग तो पिन, मग त्याचा नंबर, तोपर्यंत माणसाचा धीर सुटतो. तू बोलू नकोस आता. हीटर कमी कर, आवाज येतोय.

हॅलो? शार्दूल? मी. — हो, सगळं ठीक — नाही. ठीक नाही. कुठे आहेस? बसमध्ये? बसलायस ना? बाळा, ऐक. आजी गेली.

— हो. आज सकाळी. झोपेतच. मी चहा घेऊन गेले तर — काही त्रास नाही झाला तिला. — रडू नकोस. अरे, रड, रड. — नाही, आज नाही खेळायचं. नाही, तिच्यासाठी म्हणून खेळायचं वगैरे काही नाही, ते अमेरिकन झालं. आपल्यात सुतक असतं, दहा दिवस, घरातलं माणूस गेलं की खेळत नाहीत, धावत नाहीत, आनंदाचं काही करत नाहीत. कोचला तसंच सांग, आमचा धर्म आहे म्हण. धर्म म्हटलं की ते काही बोलणार नाहीत. फोन दे त्याला, मी सांगते. — बरं, तू सांग. आत्ता सांग, मी थांबते. — सांगितलंस? काय म्हणाला? — उतरलास बसमधून? खरंच उतरलास? बस गेली? दिसतेय जाताना? — बरं. तिथेच कुठेतरी बस जरा. धावपळ करू नकोस, बॅग हळू उचल, टॅक्सी कर. तिकीट बाबा बघेल. मिळेल त्या फ्लाइटनं ये. सही काय, नंतर होते सही, घरात माणूस गेलंय म्हटल्यावर थांबतात लोक. — बाबाला नको करूस फोन, तो बोलायच्या स्थितीत नाही. मीच करते तुला तासाभरानं. — हो. हो रे. तिचा किती जीव होता तुझ्यावर, मला माहितेय. ठेवते.

उतरला. खेळत नाही आज.

काय बघतेस? सासऱ्यांनी पोरींसाठी केलं, मी पोरासाठी केलं. तू तो आला की दुसऱ्या दिवशी तुझ्या मोठ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे, तेवढं कर. शिव्या मला तो एअरपोर्टवर देईल. तू उतर आता, थंडीत नीट जा वर. मला निघायला हवं, विनयनं त्याला फोन करायच्या आत पोचायचंय, आणि सासूबाईंना सांगायचंय, त्या गेल्या म्हणून.