पुढच्या दाराची माणसं

नाही, हात नका लावू, डिंक ओला आहे अजून – आणि ती काठीवाली म्हातारी तर मुळीच उचलायची नाही. कळलं मला, टॉवरची विक्री तुमच्याकडे आहे, उद्या सकाळी गिऱ्हाइकं यायची आहेत आणि त्याआधी हे मॉडेल तुमच्या हॉलमध्ये पोचायला हवं. पण म्हातारी काढा, बाक काढा, बाकावरची माणसं काढा आणि तिथे कुत्रा घेऊन पळणारी एक मुलगी लावा – एवढं सांगायला तुम्ही तीन जिने चढून आलात? फोनवर सांगितलं असतं तर फोनवरच नाही म्हटलं असतं मी. बसा. त्या स्टुलावर नको, प्लॅस्टिकचा चुरा आहे, पँटला चिकटेल.

काय म्हणालात, टार्गेट बायर? म्हणजे कोण, ते तरी कळू दे. वय तीस ते चाळीस, दोघंही कमावणारे, मूल नाही, असलाच तर एक कुत्रा – बरं. आणि हे दोघं भर शहराच्या मधोमध राहायला येणार, का, तर सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. चालत कुठे जाणार पण? चपलांचं दुकान पाडलंत, शिंपीणकाकूंचं पाडलंत, खाली तीन मजले नुसत्या गाड्या. लिफ्टपासून गाडीपर्यंत चालतील बिचारे. आणि ती काच – पश्चिमेला चाळीस मजले काचच काच. मी दिवा फिरवून बघते मॉडेलवर, सूर्य जातो तसा, सवय आहे माझी. दुपारी चारला तुमच्या त्या दोघांचा कुत्रासुद्धा पलंगाखाली जाऊन बसेल. कपडे वाळत घालायला वीतभर जागा नाही, तर म्हणे टॉवेल दिसला की भाव पडतो. अहो, माणसं अंघोळ करतात हे कशाला लपवायचं गिऱ्हाइकांपासून?

हसताय, हसा. एकतीस वर्षं झाली मला या टेबलाशी. इस्पितळं केली, शाळा केल्या, एक तुरुंगसुद्धा केला. शंभर पटीने लहान, म्हणजे माणूस पावणेदोन सेंटिमीटरचा. बाकीचे लोक ही माणसं विकत आणतात, एका पाकिटात पन्नास, सगळी एका तोंडाची आणि सगळी घाईत. मी तारेची वळते. आणि माझी एक पद्धत आहे, तुमचे आर्किटेक्ट चेष्टा करतात तिची – आधी दार बसवायचं, मग त्या दारातून जाणारी माणसं, तोंडं दाराकडे, आणि मग वरचे मजले. कुठल्या दारातून कोण आत जातं हे ठरलं की इमारत कोणाची ते ठरलं. मजले काय, मोजून चढवायचे.

कोण म्हणजे? ती काठीवाली माझी आई. काठी म्हणजे सुईचं टोक आहे, बघा चमकतेय. शेजारी घड्याळवाले काका, त्यांचा डावा खांदा खाली आहे, तो तसाच केलाय. त्या जाड्या, त्या शिंपीणकाकू. हो, त्याच जागेवर राहायचो आम्ही, बावीस घरं, तुमचा टॉवर उभा राहतोय ना, बरोबर तिथे. माहीत नव्हतं तुम्हाला? फायलीत बावीस सह्या असतील, पहिली सही माझ्या आईची आहे.

त्या सह्या कशा झाल्या – जाऊ दे, ते नको. आता तोंडातून निघालंच आहे तर सांगते. दोन वर्षं कोणी ऐकत नव्हतं. करार नव्वद पानांचा, जुनं घर द्या आणि टॉवरमध्ये नवं घ्या असा, तुमचे वकील येऊन वाचून दाखवायचे आणि माणसं जांभया द्यायची. तेव्हा पहिलं मॉडेल मी केलं होतं, एकच मोठं दार, दारासमोर बाक. आमचीच माणसं घालायला कोणी सांगितलं नव्हतं हो, माझाच मेला उत्साह. एकेकाला वळलं आणि मॉडेल नेऊन ठेवलं आमच्या अंगणात. काकूंनी स्वतःला ओळखलं, म्हणाल्या, कंबर एवढी जाड केलीस का गं माझी – आणि पेन मागितलं. करार कोणी वाचला नाही, माझी माणसं बघितली आणि सह्या केल्या. आईने तेवढं विचारलं, याच दारातून जायचं ना गं? मी म्हटलं, याच.

आणि परवा तुमचा सुधारित नकाशा आला. जुन्या लोकांचं दार मागे, कचऱ्याच्या खोलीला लागून, वर जायला आठ पायऱ्या आणि मग एक लिफ्ट. पुढच्या लॉबीत त्यांनी यायचं नाही. का, तर तुमच्या त्या दोघांना आत शिरताना म्हातारी माणसं दिसली तर आवडणार नाही. दार बदलायची मुभा करारात पान एक्काहत्तरवर आहे म्हणता? असेल, आहेच, परवा वाचलं मी भिंग लावून. पावणेदोन सेंटिमीटरच्या बाईची कंबर बरोबर जमली मला, आणि ते पान नाही दिसलं. चूक माझी आहे, साहेब, तिच्यातला वाटा तुम्हाला नाही देणार मी. म्हणूनच ही माणसं हलणार नाहीत. करा तक्रार, नेमा दुसरा कोणी, मालकांना फोन लावा, तो खिडकीपाशी नीट लागतो. हे मॉडेल बाहेर पडेल ते पुढच्या दारावरच्या या माणसांसकट, नाहीतर इथेच राहील.

घड्याळ कशाला बघता, पाच वाजत आले. पाचला बोलावलंय मी आमच्या लोकांना, बावीसही घरांना. नाही, दाराचं नाही सांगितलं, मॉडेल बघायला या एवढंच म्हटलंय. दोन दिवस मनात वाक्यं जुळवतेय, आईच्या समोर बसते आणि भाजीचं बोलते. सांगायची हिंमत होत नाही मला, खरं सांगते. तुम्ही आलात ते बरं झालं.

ऐकू आली काठी? दोन पायऱ्या चढते आणि थांबते, तशीच येईल ती. उठू नका, खाली जायला हा एकच जिना आहे आणि तो आता भरलाय. सावकाश गं, कठडा धर. या काकू, काका या, आत जागा आहे. हे साहेब, टॉवरचे. आई, इकडे ये, यांच्यासमोर बस – त्या दिवशी अंगणात मला जे विचारलंस ना, ते आता यांना विचार.