मागची गाडी

डायलिसिस विभागाबाहेर मी आईसाठी थांबले होते. शेजारी एक निवृत्त मास्तर आणि आज पहिल्यांदाच आलेल्या एक बाई बसल्या होत्या.

“चार तास मशीनवर करायचं काय हो, मास्तर?”

“टीव्हीवर सायकलची शर्यत बघायची. रिमोट हरवलाय, तेच चॅनेल चालू असतं. तशीच मला चटक लागली. एकेक टप्पा आपल्या मशीनइतकाच रेंगाळतो.”

“जिंकतंय कोण?”

“पुढच्यांचं मला काय! मी सगळ्यात मागचा बघतो. ठरल्या वेळेत पोचला नाही, तर बाद.”

“अगंबाई! मध्येच सोडत नाही कुणी?”

“सोडतात की. मागून एक गाडी येत असते, तिच्यात बसतात. कुणी नावं ठेवत नाही.”

“संपते कधी?”

“या रविवारी. तोवर येईन म्हटलं.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारपासून नाही यायचं. पोराला अजून बोललो नाही.”

“मास्तर, मशीन सोडलं तर माणूस जगत नाही म्हणतात.”

“ठाऊक आहे, ताई.”

नर्सनं दोघांना आत बोलावलं. बाई उठल्या, पण दारापाशी थांबल्या.

“ती मागची गाडी कधी रिकामीच परत जाते का हो?”

“जाते की. एखाद्या दिवशी.”